वाचकांचे प्रश्न: ड्युईचा नंबर आणि अरबी विषयशीर्षक यांची जोडी कशी लावायची?

या वेळी ग्रंथालयवाल्यांची बरीच पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून सगळी एकत्र घेतोय. ज्यांचा कॅटलॉगिंगशी काही संबंध नाही त्यांनी हे पान उलटलं तरी राग नाही.

प्रश्न: आमच्याकडे अरबी, इंग्रजी आणि फ्रेंच पुस्तकांचा संग्रह आहे. वर्गांक ड्युईचे (ज्ञानशाखेनुसार पुस्तकाला नंबर देणारी पद्धत), विषयशीर्षकं लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयाच्या यादीतली. अरबी वाचकाला अरबीतून शोधता यावं म्हणून आम्ही एक एक्सेल बनवतोय, पहिल्या कॉलममध्ये वर्गांक आणि पुढे तीन भाषांतली शीर्षकं. पण एका शीर्षकाला तीन-तीन चार-चार नंबर यायला लागलेत आणि कुठला ठेवायचा तेच कळेना. कुठं गडबड होतेय?

गडबड तुमची नाही हो ताई, तो तक्ताच या कामाला पुरत नाही. ड्युईचा वर्गांक सांगतो की पुस्तक कुठल्या ज्ञानशाखेत बसतं, आणि विषयशीर्षक सांगतं की पुस्तक कशाबद्दल आहे, आता या दोन्हींची एकास एक जोडी लागावी अशी मुळात रचनाच नाही, म्हणून तर ड्युईला रिलेटिव्ह इंडेक्स, म्हणजे शब्दांची सूची, जोडावी लागते, त्यात एका शब्दाखाली चार ठिकाणचे नंबर दिलेले असतात.

कॉफीचंच घ्या. पीक म्हणून कॉफी ६३३.७३, कारखान्यातली प्रक्रिया ६६३.९३, खाद्यपदार्थ म्हणून ६४१.३३७३ आणि पेय कसं बनवायचं ते ६४१.८७७. इंग्रजीत या सगळ्याच्या मुळाशी शब्द एकच, कॉफी. अरबीत मात्र झाडाला आणि बियांना ‘बुन्न’ म्हणतात आणि कपातल्या कॉफीला ‘कहवा’, म्हणजे इंग्रजीत एकच शब्द असला तरी अरबीत शीर्षकं दोन लागतात आणि ती दोन वेगवेगळ्या नंबरांपाशी जाऊन बसतात. तुम्ही तक्त्यात कॉफी समोर कहवा लिहिलंत की कॉफीच्या लागवडीवरचं पुस्तकही कहव्याखाली जाणार, आणि शेतीचा अरबी विद्यार्थी बुन्न टाकून शोधणार नि त्याला काहीच मिळणार नाही. बरं, ६४१.८७७ मध्ये कॉफीबरोबर चहाही येतो, म्हणजे इथे नंबर शीर्षकापेक्षा मोठा झाला!

त्यामुळं माझं स्पष्ट मत असं की इंग्रजी शीर्षकाचं भाषांतर करून त्याला नंबर चिकटवायचा हा रस्ता सोडून द्या. अरबी शीर्षक अरबी वाचकाच्या तोंडी जे आहे त्यावरून ठरवा, त्याचा स्वतंत्र ऑथॉरिटी रेकॉर्ड (मान्य शब्द आणि त्याचे पर्याय एका जागी ठेवणारी नोंद) करा, आणि सगळी जोडाजोडी त्या रेकॉर्डमध्येच करा. मार्क २१ मध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये भरायच्या ठराविक आराखड्यात, याची सोय आधीपासून आहे, लोक वापरत नाहीत एवढंच. मान्य शीर्षक १५० नंबरच्या फील्डमध्ये, लोक आणखी काय काय म्हणतात ते सगळं ४५० मध्ये, इंग्रजी आणि फ्रेंच यादीतलं समकक्ष शीर्षक ७५० मध्ये, ड्युईचा वर्गांक ०८३ मध्ये आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचा वर्गांक ठेवत असाल तर तो ०५३ मध्ये. ही वर्गांकाची फील्ड्स एकाहून जास्त वेळा टाकता येतात, आणि नंबरापुढे तो कुठल्या अर्थाने दिलाय, शेती की पाककला, हे लिहायला जागाही असते. ती जागा रिकामी सोडू नका, पुढच्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. आणि जोडी कितपत नेमकी आहे, बरोबर तीच, जवळपासची, की नंबर मोठा आणि शीर्षक लहान, हेही कुठेतरी नोंदवा, स्कॉस या शब्दसूची एकमेकींना जोडायच्या पद्धतीत यासाठी वेगळे संबंधच ठरवून दिलेत.

तुमचं एक्सेल फेकू नका मात्र, कच्चा माल म्हणून ते चांगलंय.

प्रश्न: वेळ वाचवायला आम्ही अरब देशांतल्या ग्रंथालयांचे तयार रेकॉर्ड उतरवून घेतो. त्यात अरबी शीर्षकं आयती मिळतात. पण अरबी कवितेच्या पुस्तकाला ८११ नंबर दिलेला दिसला, हे कसं काय?

छान पकडलंत सर, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. मूळ ड्युईमध्ये ८११ म्हणजे अमेरिकन कविता, आणि अरबी कविता पार तिकडे ८९२.७१ ला. धर्माच्या वर्गातही तेच, २०० मधली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला आणि इस्लाम २९७ च्या एका कोपऱ्यात. आता ज्यांच्याकडे निम्म्याहून जास्त पुस्तकं या दोन विषयांवरची त्यांनी हे लांबलचक नंबर लिहीत बसायचं का? म्हणून बऱ्याच अरबी ग्रंथालयांनी ड्युईत स्वतःच्या सोयीने बदल करून घेतले, इस्लामला २१०, अरबी भाषेला ४१०, अरबी साहित्याला ८१०. त्यांच्या जागी ते अगदी योग्यच आहे, मला तर मूळ वाटणीपेक्षा हीच जास्त शहाणपणाची वाटते.

पण तुमच्या कॅटलॉगमध्ये मूळ ड्युई चालू असताना असा रेकॉर्ड आत आला आणि नंबरावरून शीर्षकं जोडणारी कुठलीही आपोआप प्रक्रिया चालवली, की जाहिली (इस्लामपूर्व) कवींच्या दिवाणाला, म्हणजे काव्यसंग्रहाला, ‘अमेरिकन कविता’ असं शीर्षक लागेल, आणि २१० मूळ ड्युईत धर्माचं तत्त्वज्ञान असल्यामुळे सगळं फिकह (इस्लामी धर्मकायदा) तिकडे जाऊन पडेल. तेव्हा रेकॉर्ड आत घेताना आधी ०८२ (पुस्तकाच्या रेकॉर्डमधलं ड्युईचं फील्ड) बघा, त्यात आवृत्ती लिहिलीये का बघा, आणि नंबर बदललेल्या ड्युईचा आहे असं दिसलं तर तो ०८४ (इतर वर्गीकरणांचं फील्ड) मध्ये हलवून ०८२ नव्याने भरा. शीर्षकांचंही तसंच, ६५० या विषयशीर्षकाच्या फील्डचा दुसरा इंडिकेटर (फील्डच्या सुरुवातीचा सांकेतिक आकडा) ४ असेल तर शीर्षक कुठल्या यादीतून आलं ते सांगितलेलंच नाही असं समजायचं, ७ असेल तर उपक्षेत्र २ मध्ये यादीचा कोड हवा. कोड नसलेली शीर्षकं सरसकट ऑथॉरिटीला जोडू नका, कारण अरबीत यादी एकच एक नाही. अल-खाझिंदार यांची यादी आहे, शाबान खलिफांची मोठी यादी आहे, अलेक्झांड्रियाच्या बिब्लिओथेका अलेक्झांड्रिनाने अरबी, इंग्रजी, फ्रेंच अशी त्रिभाषिक शीर्षकं केलीत, आणि प्रत्येकाची शब्दांची निवड निराळी.

प्रश्न: कॉम्प्युटरसाठी अरबीत हासूब घ्यायचं, हासिब आली की सरळ कंब्यूतर?

कुठलंही एक. ज्या यादीवर चालायचं ठरवलंय तिच्यात जो शब्द असेल तो १५० मध्ये आणि उरलेले सगळे ४५० मध्ये. मोबाइलचंही तसंच, इजिप्तमध्ये महमूल, सौदीत जव्वाल, लेबनॉनकडे खिल्यवी, कुठूनही शोधलं तरी वाचक त्याच नंबरापाशी पोचला पाहिजे. यावर मीटिंगा घेत बसू नका.

प्रश्न: शीर्षकं नीट भरली, ऑथॉरिटी केली, तरी अरबीत टाइप केल्यावर निम्मी पुस्तकं दिसतच नाहीत. सॉफ्टवेअर खराब आहे का?

बहुतेक नसावं. आधी अलिफ तपासा. अरबीत अलिफ साधा, वर हमजा (एक छोटी खूण) असलेला, खाली हमजा असलेला आणि मद्दावाला असा चार तऱ्हांनी लिहितात, कॅटलॉगरने हमजा दिलेला असतो आणि शोधणारा देत नाही. दुसरं म्हणजे ‘या’ आणि ‘काफ’, ही अक्षरं फारसी-उर्दू कीबोर्डवरून टाइप केली तर स्क्रीनवर जवळजवळ तशीच दिसतात पण युनिकोडमध्ये त्यांचे कोड वेगळे, म्हणजे मशीनच्या लेखी शब्दच वेगळा. तुमच्याकडे उर्दू टाइप करणारा माणूस अरबी रेकॉर्डही करत असेल तर तिथूनच सुरुवात करा. हे सगळे फरक इंडेक्स करताना सपाट करायचे असतात, मूळ रेकॉर्ड मात्र शुद्धच ठेवायचा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या झेब्रा या शोधयंत्राची सेटिंग सीएचआर आहे की आयसीयू तेवढं बघून घ्या, अरबीसाठी आयसीयू पाहिजे.

मग ‘अल’, अरबी शब्दाआधी लागणारं, इंग्रजीतल्या ‘द’ सारखं उपपद. ग्रंथनामाच्या २४५ फील्डमध्ये सुरुवातीची किती अक्षरं क्रम लावताना सोडायची ते सांगता येतं, ६५० मध्ये ती सोय नाही, त्यामुळे शीर्षकांची अर्धी यादी अलिफखालीच जमा होते. यावर काहीजण इंडेक्समधून सुरुवातीचा अलिफ-लाम सरसकट उडवून टाकतात, आणि आधीच हमजा सपाट केलेला असला की मजा बघा, ‘अल्मानिया’ म्हणजे जर्मनी, त्याचं होतं ‘मानिया’, आणि ‘अल्आब’ म्हणजे खेळ, त्याचं नुसतं ‘आब’! म्हणून क्रम उलटा ठेवायचा, आधी ‘अल’ काढायचा, हमजा त्यानंतर सपाट करायचा, कारण या शब्दांतल्या अलिफवर हमजा असतो आणि उपपदाच्या ‘अल’ वर तो नसतो. ज्यांनी हमजा टाइपच केलेला नाही अशा जुन्या रेकॉर्डांसाठी अपवादांची छोटी यादी ठेवावीच लागते.

प्रश्न: नंबरावरूनच शीर्षक आपोआप काढता येणार नाही का? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची चेन इंडेक्सिंग आम्ही शिकलो होतो.

अर्धं काम होतं. नंबर एकेक पायरी सोडवत गेलं की व्यापक शब्द मिळत जातात, ६३३.७३ वरून शेती, शेतातली पिकं, कॉफी असं खाली उतरता येतं, आणि प्रत्येक पायरीचा अरबी शब्द एकदा ठरवून ठेवला की हजारो रेकॉर्डांना सुचवणी देता येते. पण नंबरात नसलेला विषय त्यातून निघणार नाही, यमनमधल्या कॉफीच्या लागवडीवरच्या पुस्तकाला कॅटलॉगरने आखूड नंबर दिला असेल तर त्यात यमन कुठून सापडणार? तेव्हा मशीनने सुचवावं आणि अरबी वाचता येणाऱ्या माणसाने पुस्तक हातात घेऊन हो की नाही म्हणावं. असा माणूस आठवड्यातून एक दिवस मिळाला तरी चालेल, बाकीचे दिवस सुचवण्या साठवून ठेवा.