सिनेमात भावाचा आवाज बंद करू का?

प्रश्न : ताई, मी अमळनेरजवळच्या एका गावातला, मोबाईलवर शॉर्टफिल्म बनवतो. पुढची फिल्म माझ्या मावसभावावर करायचीय, तो जन्मापासून कर्णबधिर आहे, शाळेत फारसा गेला नाही, रावेरकडे केळी कापायला जातो. माझा मित्र कॉलेजात एकांकिका करतो, तो भावाचा रोल करणार आहे. भावाचा सीन आला की साउंड पूर्ण बंद करायचा असं ठरवलंय, म्हणजे लोकांना त्याचं जग कळेल. हे बरोबर आहे का? आणि आधी कुठले सिनेमे बघू?

उत्तर : भाऊ, आधी साउंडचंच बोलते, कारण माझ्या दोन्ही कानांना मशीन आहे आणि सिनेमात कमी ऐकणारा माणूस आला की एकदम सगळं शांत करून टाकतात ते मला अजिबात पटत नाही. माझं जग शांत नाहीये रे. मशीन घालून भुसावळ स्टेशनवर उभी राहिले की अनाउन्समेंट, चहावाले, इंजिनाचा भोंगा सगळं एकाच जोराने अंगावर येतं आणि शेजारी उभी असलेली बहीण काय म्हणाली तेवढंच कळत नाही. मशीन काढलं तर आवाज येतो पण शब्द कळत नाही, ताट पाट काठ सगळं एकच, कारण बऱ्याच जणांचे बारीक, उंच आवाज आधी जातात आणि क, ट, स ही अक्षरं त्याच आवाजांवरून ओळखू येतात. ओठ बघून समजून घेऊ म्हटलं तर प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. ‘साउंड ऑफ मेटल’ (2019) जरूर बघ, त्यातल्या ड्रमरचं ऐकणं जातं, मग कानाचं ऑपरेशन करून इम्प्लांट बसवतो तेव्हा त्याला येणारा आवाज पत्र्यासारखा, फाटका येतो, ते ऐकून मी बराच वेळ नुसती बसून होते.

तुझ्या भावाचं आणखी वेगळं. त्याच्यासाठी काही बंद पडलेलंच नाही, मग तू बंद काय करणार? ट्रॅक्टर आला हे त्याला पायाखालच्या जमिनीतून कळतं का, मागून कोणी आलं की सावलीवरून कळतं का, हे त्यालाच विचार आणि ते शूट कर.

मित्राला तो रोल देऊ नको असं माझं स्पष्ट मत आहे. 2014 चा ‘द ट्राइब’ नावाचा युक्रेनचा सिनेमा आहे, सगळे कलाकार कर्णबधिर आणि त्यातले कोणी धंदेवाईक नट नाहीत, पूर्ण सिनेमा खुणांच्या भाषेत, सबटायटल एकही नाही, तरी बघणारा खिळून राहतो (हिंसा खूप आहे, घरच्यांसोबत बघू नको). भाऊ तयार असेल तर त्यालाच घे, आणि त्याच्या खुणा तू लिहून देऊ नको. शाळेत न गेलेल्या मुलांच्या खुणा बऱ्याचदा घरातच तयार झालेल्या असतात, मावशीला कळतात पण जळगावच्या कर्णबधिर मुलाला कळतीलच असं नाही. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी, तिला स्वतःचं व्याकरण आहे, म्हणजे ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि भुवया, चेहरा हाही भाषेचाच भाग. म्हणून नुसत्या हातांचा क्लोजअप घेतलास की अर्धं बोलणं कापलं गेलं असं समज, कमरेपासून डोक्यापर्यंत फ्रेम ठेव, चेहऱ्यावर उजेड पाहिजे, आणि एडिटिंगमध्ये खूण अर्धवट असताना कट मारू नको, आपण कोणाचं वाक्य मधे तोडतो का?

मराठी सबटायटल टाकच, ऐकू येणाऱ्यांसाठी भावाच्या खुणांचं आणि आमच्यासारख्यांसाठी बाकीच्यांच्या बोलण्याचं, शिवाय मागे कुत्रं भुंकतंय, दार आपटलं हेही लिही. ‘कोडा’ या कर्णबधिर कुटुंबावरच्या सिनेमाला 2022 मध्ये ऑस्कर मिळालं, तो अमेरिकेत थिएटरात लागला तेव्हा सबटायटल पडद्यावरच छापलेले होते, कोणाला वेगळं मागावं लागलं नाही. पण तुझ्या भावाला वाचता येत नसेल तर सबटायटलचाही उपयोग नाही, म्हणून पहिला कट मित्रांना दाखवायच्या आधी त्याच्या शेजारी बसून बघ, तो थांब म्हणेल तिथे थांबव आणि मावशीलाही सोबत बसव, त्याला काय खटकलं ते ती तुला सांगेल.