गोटा की खडक?

पुण्यात खडक वरच लागतो, मग सॉइल टेस्ट कशाला, असं बिल्डरचा माणूस हमखास म्हणेल. ऐकून घे आणि तपासणीचा बोअर घेच. इथला बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्रे सुटत झिजतो. मुरमात मोठाले गोटे अडकून राहतात. एसपीटीचा (नळी ठोकून जमीन किती घट्ट ते मोजायची चाचणी) ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतोय, ठोके ५० च्या वर गेले की ड्रिलर ‘रॉक लागला’ म्हणून मोकळा! तो नुसता गोटाही असू शकतो, तिथे थांबू नकोस. कोअरिंग करत, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना कापून काढत, निदान तीन मीटर खाली जा आणि ते नमुने ठेवलेला कोअर बॉक्स स्वतः बघ. रिकव्हरी (हाती आलेला नमुना) भरपूर, पण १० सेंमीहून लांब तुकडे मोजकेच, तर आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचा आकडा, कमी. खडक फुटका आहे. मध्येच तांबडा, मऊ थर दिसला तर खोली लगेच लिहून ठेव. दोन लाव्हा थरांमधला तो रेड बोल, पाण्याने ढिला पडतो.

काळ्या मातीचा फ्री स्वेल (पाण्यात फुगण्याचं प्रमाण) ५० टक्क्यांवर गेला तर फ्लोअरिंगखालून ती काढूनच टाकायला सांग.

आणि हो, पाण्याची पातळी ड्रिलिंगनंतर २४ तासांनी घे. त्याआधी दिसतं ते बहुतेक ड्रिलिंगसाठी ओतलेलं टँकरचंच पाणी. रिपोर्टमध्ये महिनाही लिही. मे महिन्यातल्या आकड्यावर बेसमेंटचं डिझाइन कुणी करू नये.