वाचक विचारतात : माईक झुलतो, पण शिट्टी थांबत नाही

प्रश्न : आमचा चौघांचा रॉक बँड आहे. सोनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडने वाजवलेलं, अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं ‘पेंड्युलम म्यूझिक’ (स्पीकरवरून झुलणाऱ्या माईकच्या शिट्ट्यांची रचना) ऐकून आम्हीही करून पाहिलं. माईक सोडले आणि चारही स्पीकर सलग किंचाळत राहिले. चुकलं कुठे?

उत्तर : आवाज जास्त ठेवलात, एवढंच. 1968 सालच्या या रचनेत माईक स्पीकरच्या नेमका वरून जाईल तेवढ्यापुरतीच शिट्टी वाजली पाहिजे.

स्पीकर तोंड वर करून जमिनीवर आडवा ठेवा. माईक त्याच्या 10-15 सेंटिमीटर वर येईल असा टांगा. साधा डायनॅमिक माईक (स्टेजवर गायक हातात धरतात तसा) पुरतो, जास्त संवेदनशील कंडेन्सर माईक नको. सगळा भार केबलच्या कनेक्टरवर टाकू नका. वेगळी नायलॉनची दोरी बांधा आणि केबल तिच्यासोबत सैल न्या. दोरी छताला दोन ठिकाणी बांधून खाली इंग्रजी व्हीसारखी एकत्र आणली, तर माईक एकाच रेषेत झुलतो. एकाच बिंदूला टांगला की तो हळूहळू गोल फिरू लागतो, स्पीकर चुकवतो आणि मध्येच गप्प होतो.

ॲम्प्लिफायरचा आवाज मात्र माईक झुलत असतानाच ठरवा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. माईक स्थिर असताना ठरवलेला आवाज झुलताना कमी पडतो, कारण फीडबॅक (स्पीकरचा आवाज माईकमधून पुन्हा स्पीकरमध्ये जाऊन होणारी शिट्टी) तयार व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात माईक पुढे गेलेला असतो. म्हणून ‘टुईं’ उमटेपर्यंत नॉब किंचित किंचित वाढवा. माईक 60 सेंटिमीटर बाजूला गेल्यावरही सूर चालू राहिला, तर लगेच मागे घ्या. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) बंद ठेवा आणि कानात इअरप्लग घाला.

दोऱ्यांच्या लांबीत थोडा फरक असू द्या. 2 मीटरच्या दोरीचा झोका (जाऊन-येऊन) 2.84 सेकंदांचा, 2.10 मीटरचा 2.91 सेकंदांचा. दोन्ही शिट्ट्या एकत्र सुटतात, अर्ध्या मिनिटात एकीच्या मधोमध दुसरी पडते आणि मिनिटभराने पुन्हा जुळतात. रचनेचा सगळा ताल एवढ्यातच आहे, आणि तो सुंदर आहे.

प्रश्न : मग आम्ही वाजवायचं काय?

उत्तर : काहीच नाही. माईक एकदम सोडायचे आणि श्रोत्यांबरोबर बसून ऐकायचं, अशी राइशचीच सूचना आहे. हात नॉबकडे जाईल, तो आवरा. सोनिक यूथ एरवी फीडबॅक गिटारवर हातांनी घडवत. 1999 च्या ‘गुडबाय ट्वेंटिएथ सेंच्युरी’ या दोन सीडींच्या अल्बममध्ये त्यांनी तो दुसऱ्याच्या सूचनांच्या हवाली केला. त्यात जॉन केज, कॉर्नेलियस कार्ड्यू, पॉलीन ऑलिव्हेरोस या प्रयोगशील संगीतकारांच्याही रचना आहेत. ख्रिश्चन वुल्फ आणि ताकेहिसा कोसुगी हे संगीतकार तर स्वतः येऊन वाजवून गेले. आमच्या मते बँडचं खरं धाडस या शिस्तीत आहे.

माईक थांबत आले की शिट्ट्या लांबतात आणि शेवटी सलग सूर होतो. तो थोडा वेळ चालू द्या, मग ॲम्प्लिफायरच्या वायरी उपटा. चारही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलेत, तर एका बटणात सगळं थांबतं.