हरताळ लावलेलं पान

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पणजोबांच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेली पोथी सापडली, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि फार आनंद झाला. सगळी पानं मोबाइलवर टिपून ठेवायची म्हणतेस, ते आधी करच. वाळवी आणि ओल कुणासाठी थांबत नाहीत. पण ते झालं की एक तरी पान स्वतःच्या हातानं उतरवून काढ. बोरू मिळाला तर उत्तम; टोक तिरकं छाट, काजळीत डिंक घोटून शाई कर. नाहीतर साधं पेन चालेल.

पोथीत शब्द सुटे नसतात, ओळ सलग धावते. नुसतं वाचताना अडलेली जागा ओलांडून आपण पुढे जातो. लिहिणाऱ्या हाताला तसं जाता येत नाही. एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींत आला की नजर वरच्यावरून खालच्यावर घसरते आणि मधला मजकूर गळतो. हे तुझ्याकडून एकदा घडेलच, आणि मग जुन्या लेखनिकाच्या हातून ओळी कशा गळल्या हे वेगळं शिकवावं लागणार नाही. पानावर पिवळा डाग दिसला तर तिथं थांब. तो हरताळ, एका पिवळ्या खनिजाची पूड. चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप देऊन वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ आपण रोज म्हणतो, ते तिथलंच.

ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे 1290 ची. सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतलेली पहिली प्रत आज नाही. आपल्याकडे आल्या त्या नकलांच्या नकला. 1584 मध्ये एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं, की हिच्यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली. बजावावं लागलं, म्हणजे लोक घालत असणार. प्रेमानंच घालत असतील.

म्हणून चुकांना तुच्छ मानू नकोस. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक प्रती ताडून ठरवलेला पाठ, 1919 ते 1966 एवढ्या काळात पुरी केली. त्यासाठी 1259 हस्तलिखितं तपासली. कुठली प्रत कुठल्या घराण्यातली हे ठरवताना चुका फार उपयोगी पडतात. बरोबर शब्द दोन प्रतींत सारखा असला तर त्यावरून नातं सिद्ध होत नाही. पण तीच विचित्र चूक दोघींत सापडली, की दोघींचा पूर्वज एक असण्याचा संभव फार.

माझ्या हातून एकदा अपराध झाला आहे. तुझ्याएवढा होतो तेव्हा एका घरातली मोडी पत्रं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवत होतो. पत्रात ‘व्हता’ होतं, मी ‘होता’ केलं. ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मदत करतोय. पुढे मूळ पत्रं पावसात गेली. तो माणूस कसा बोलत होता हे त्या अक्षरांत होतं, आणि ते मी पुसलं. आज ती वही उघडली की मला माझीच भाषा दिसते, त्याची नाही.

तू तसं करू नकोस. जे दिसतं तेच लिही, ऱ्हस्व-दीर्घासकट. तुला शंका आली तर ती समासात, वेगळ्या शाईनं. ओळींना आकडे घाल, आणि जिथं पान फाटलंय तिथं अंदाजानं भरू नकोस, जागा मोकळी सोड.

आणि शेवटचं पान आधी बघ. तिथं लेखनिकाचं नाव, शके, गाव असू शकतं. कित्येक जण तिथं एक संस्कृत श्लोक लिहीत: पाठ, कंबर, मान मोडून, नजर खिळवून, खाली मान घालून कष्टानं लिहिलंय, जपून ठेवा. तुझ्या पोथीत तो आहे का, लगेच कळव. उतरवलेलं पानही पाठव, हात अडखळला त्या जागांवर खुणा करून.

तुझा,
काका