जुनं चर्च, नवा वापर: तुमचे प्रश्न

इंग्लंडातल्या पॅरिश (म्हणजे स्थानिक) चर्चमध्ये कॅफे, पोस्ट, बालवाडी आणायची, तर सुरुवात कुठून, असं विचारणारी पत्रं थांबत नाहीत. शंका त्याच त्याच, म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न: चर्चला वारसा-परवानगीतून सूट आहे म्हणतात. मग थेट काम सुरू करू?

नाही. सूट आहे ती लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटपुरती, म्हणजे वारसा यादीतल्या इमारतीत बदल करायच्या सरकारी परवानगीपुरती. त्याऐवजी डायोसीसची, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताची, फॅकल्टी नावाची परवानगी लागते, आणि बाहेरून इमारत बदलणार असाल तर बहुधा प्लॅनिंग परमिशनही. आधी डायोसीसच्या सल्लागार समितीला विचारा.

प्रश्न: व्हिक्टोरियन बाकांना किंमत नसते ना? विकली तर कॅफेचा खर्च निघेल.

हे तुम्हाला बाकं घेणाऱ्या व्यापाऱ्यानेच सांगितलं असणार! फॅकल्टी मिळेपर्यंत एकही बाक विकू नका. बदलाने वास्तूचं महत्त्व किती घटेल आणि त्या बदल्यात लोकांना काय मिळेल, हे चान्सलर, म्हणजे डायोसीसचे न्यायाधीश, तोलून पाहतात. डफील्डच्या चर्चविषयी 2012 साली लागलेल्या निकालातले प्रश्न वाचा, मग अर्ज लिहा.

प्रश्न: फरशी उखडून काँक्रीट आणि अंडरफ्लोअर हीटिंग करायचं आहे. ठेकेदार म्हणतो, ओल कायमची जाईल.

ओल जाणार नाही, फक्त जागा बदलेल. जुन्या दगडी फरशीखाली ओल अडवणारा थर सहसा नसतो. जमिनीतली ओल सांध्यांतून हळूहळू वर येऊन हवेत विरते. वर प्लॅस्टिकचा कागद आणि काँक्रीट टाकलंत की ती वाट बुजते. मग ओल कडेने सरकून भिंतींत, खांबांत चढते. काही हिवाळ्यांनी खांबाच्या पायथ्याशी पांढरी लव दिसते. ती बुरशी नव्हे, क्षार आहेत. नखाने टोकरलं की दगडाचा पापुद्रा हातात येतो. तेव्हा ‘ओल थांबवणारं’ इंजेक्शन विकायला कुणीतरी हजर असतंच. फोम ग्लासच्या (फुगवलेल्या काचेच्या) खड्यांवर चुन्याचं काँक्रीट, हा पर्याय चर्चच्या आर्किटेक्टला विचारा. शिवाय फरशीखाली थडगी असू शकतात, म्हणजे पुरातत्त्वज्ञही हवा. आगाऊ रक्कम देऊन बसला असाल, तर काम आजच थांबवा.

प्रश्न: कॅफे आला की प्रार्थना बंद पडते का?

नाही. हेरफर्डच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये दोन्ही चालतं.

प्रश्न: छपरात वटवाघळं आहेत. काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय.

होणार नाही. वटवाघळांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागेला कायद्याचं संरक्षण आहे. आधी तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्या, मगच शिडी लावा.