डोक्याला मार लागल्यावर रक्तातल्या स्टेम सेल वाढतात म्हणे. मग त्या मोजून किंवा बाहेरून देऊन पेशंट सुधारतो का?

स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी. त्या वाढतात, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून कोणी तुम्हाला इंजेक्शनचं पॅकेज सांगत असेल तर तिथून उठा. तुमच्या चुलतभावाच्या अपघाताला दोन महिने झालेत असं तुम्ही लिहिलंय, आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय.

आमचं गाव चोपडा तालुक्यात. धाकटा भाऊ रात्री बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने मोटरसायकलवर येत होता, केळीची ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे लाईट नाही. हेल्मेट नव्हतं. जळगावला नेला, ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण उजवा हात-पाय उचलेना आणि बोलायला गेला की शब्द सापडेना. काही महिन्यांनी दाजी एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा कागद घेऊन आले: मार लागला की शरीर स्वतःच स्टेम सेल रक्तात सोडतं, आम्ही फक्त त्या वाढवतो. खर्च लाखांत. विहिरीजवळचा तुकडा विकायचं जवळपास ठरलं होतं. मी नाही म्हणालो. दाजी चारचौघांत म्हणाले, "तुले पैसा मोठा शे का भाऊ मोठा शे?" आईसुद्धा तेव्हा त्यांच्याच बाजूने होती.

मी बी.फार्म. आहे, मेडिकल चालवतो. मिळतील ते पेपर वाचून काढले. रक्तात वाढतात त्या मुख्यतः एंडोथेलियल प्रोजेनिटर सेल, म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पूर्वपेशी. 1997 मध्ये असाहारा यांच्या गटाने त्या प्रौढांच्या रक्तात दाखवल्या. जखमी मेंदूकडून एसडीएफ-1, व्हीईजीएफ असे रासायनिक निरोप जातात आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या आतला मगज, या पेशी सोडते. चीनमधल्या पेशंटवरच्या अभ्यासांत त्या आधी घटल्या, मग वाढत जाऊन सातव्या दिवसाच्या आसपास सर्वात जास्त झाल्या. ज्यांच्या जास्त वाढल्या ते पेशंट जास्त सुधारले.

क्लिनिकवाले नेमकं हे शेवटचं वाक्य उचलतात. पण ही गोष्ट पहिल्या एक-दोन आठवड्यांची आहे, आणि या पेशी फाटलेल्या रक्तवाहिन्या सांधायला मदत करतात, मेलेल्या न्यूरॉनची, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींची, जागा घेत नाहीत. ज्याचं शरीर मुळात तगडं त्याच्या पेशी जास्त सुटत असतील, असाही अर्थ निघतो. ह्यूस्टनमध्ये 10 मुलांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या होत्या, त्याही मार लागल्यापासून 48 तासांच्या आत, आणि तपासायचं होतं ते मुख्यतः हे धोक्याचं तर नाही ना. दाजींचा कागद कितीतरी महिन्यांनी आला होता.

मोजण्याचं म्हणाल तर सीडी34, सीडी133 या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, त्यांवरून मोजणी संशोधनात करतात. त्या आकड्यावरून तुमच्या भावाची एक गोळीही बदलणार नाही.

आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे: रक्ताचे ठराविक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवरच्या रीतसर चाचणीत, आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. आम्ही तो पैसा फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीत घातला. भाऊ आज काठी घेऊन चालतो, माझ्या दुकानात गल्ल्यावर बसतो. वय कमी होतं, त्याचाही फायदा झाला असेलच.

एक सांगायचं राहिलं. जपानने 2024 मध्ये अशा जुन्या लकव्यासाठी अकुगो नावाच्या पेशींना सशर्त मंजुरी दिली आहे. त्या दुसऱ्या माणसाच्या पेशींपासून बनवतात आणि ऑपरेशन करून थेट मेंदूत सोडतात, सलाईनमधून नाही. म्हणजे या विषयात काहीच नाही असं मी म्हणत नाही.

क्लिनिकला ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशाच्या ट्रायल नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, विचारा आणि तो तुमच्या न्यूरोसर्जनला दाखवा. घरात जो कोणी "पैशाकडे बघू नको" म्हणतो त्यालाच हा फोन करायला लावा. मी दाजींना लावला होता. नंबर मिळाला नाही, तरी जमीन विकायचा हट्ट त्यांनी सोडला नाही, आणि माझी सही नव्हती म्हणूनच तो व्यवहार थांबला.