मुलीला नगरपरिषदेच्या कर विभागात जाऊ द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नगरपरिषदेच्या कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची परीक्षा द्यायची म्हणते. तिच्या बाबांचं मत असं की ही घरपट्टी वसुलीची नोकरी, लोकांच्या शिव्या खायच्या. त्यात हाताखाली बापाच्या वयाचे कारकून, ते पोरीचं ऐकणार का? तिने बँकेची तयारी करावी असं त्यांना वाटतं. मुलगी स्वभावाने शांत आहे, हिशेबाला पक्की आहे. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, परीक्षेचं आधी उरकून घेऊ. ही सेवा राज्य संवर्गातली, म्हणजे राज्यभरातल्या नगरपरिषदांसाठी एकच आहे, आणि भरती नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत होते. 2023च्या जाहिरातीत एकूण 1782 जागा होत्या, त्यातल्या 579 या एका सेवेच्या. पदवी कोणत्याही शाखेची चालते. जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, त्यामुळे बँकेची तयारी सोडायला लावू नका. गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी दोन्हीकडे लागतंच. राज्य संवर्ग म्हटल्यावर बदली आलीच; घराजवळच नोकरी हवी असेल तर हा विचार आत्ताच सोडा.

आता बाबांची शंका. वसुली हा या कामाचा दिसणारा भाग, आणि मार्चमध्ये तो फारच दिसतो : थकबाकीच्या नोटिसा, जप्तीचं अधिपत्र, चौकात लावलेली थकबाकीदारांची यादी. पण दारोदार जातो तो वसुली लिपिक. अधिकाऱ्याचं खरं काम त्याच्या आधीचं आहे. लिपिकाने आणि कर निरीक्षकाने जे मोजलं, लिहिलं, ते बरोबर आहे की नाही हे बघून सही करणं.

हे किती नाजूक असतं ते एका हिशेबात दाखवतो. समजा घर 60 चौरस मीटरचं, त्या भागासाठी ठरलेला भाड्याचा दर चौरस मीटरला महिना 20 रुपये. महिन्याचे 1200, वर्षाचे 14,400. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, म्हणजे करयोग्य मूल्य 12,960. कर 25 टक्के धरला तर 3,240 रुपये. आता मोजणाऱ्याने उघडी गच्ची खोलीत धरली आणि 60 ऐवजी 90 लिहिलं, की तोच कर 4,860 होतो. नगरपरिषदेत आकारणी यादीची, म्हणजे कोणत्या मिळकतीला किती कर हे लिहिलेल्या यादीची, फेरतपासणी चार वर्षांनी होते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. म्हणजे हरकतीच्या मुदतीत कुणी बोललं नाही, तर ती गच्ची बहुधा पुढची चार वर्षं बिलात राहणार. उलटंही होतं. वर दोन मजले चढलेत, खाली शटर लागलंय आणि रजिस्टरवर अजून पत्र्याची एक खोली. तिथे नगरपरिषद बुडते, आणि शेजारचा नियमाने भरणारा माणूस चिडतो तो वेगळाच.

म्हणून यातले चांगले अधिकारी यादी हातात आली की त्यातली दहा घरं स्वतः निवडतात आणि टेप घेऊन जातात. कोणती घरं ते आदल्या दिवशी सांगत नाहीत. लिपिकांना हे कळलं की पुढची मापं आपोआप नीट येऊ लागतात. ड्रोन आणि जीआयएस (संगणकी नकाशावर मिळकती नोंदणारं) सर्वेक्षण आलं तरी हे सुटलेलं नाही. वरून छप्पर दिसतं, आत भाडेकरू आहे की मालक राहतो ते दिसत नाही.

बापाच्या वयाचे कारकून? ते ऐकतात, फक्त कसं विचारलं जातं त्यावर आहे. वीस-पंचवीस वर्षं एकाच गावात वसुली केलेल्या माणसाला कोणती मिळकत कुणाच्या नावावर आणि भावाभावांचा वाद कुठे, हे तोंडपाठ असतं. ते ज्ञान रजिस्टरमध्ये नसतं. त्यांच्यापुढे कायदा फेकणारा नवा साहेब महिन्याभरात एकटा पडतो. ‘काका, हे दुसऱ्या मजल्याचं माप कुठून आलं?’ एवढं केबिनमध्ये, फाइल समोर ठेवून विचारलं तर काम होतं. मान काकांना द्यायचा, शंका मात्र मापावर घ्यायची, आणि दुरुस्ती झाली की तिथे तारखेसह सही घ्यायची. तुमच्या मुलीचा शांत स्वभाव इथे उपयोगीच पडेल.

अडचण दुसरीकडे आहे, ती तुमच्या पत्रात आलेली नाही. नगरसेवकाचा फोन येतो, ‘त्या घराचं जरा बघा.’ त्या वेळी गोड आवाजात ‘अर्ज द्यायला सांगा, नियमात बसलं तर करते’ म्हणता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी तेच उत्तर पुन्हा देता आलं पाहिजे. शिवाय टेबलावर अडकणारी कामं : वारसाची नावनोंदणी, खरेदीनंतरचा फेरफार. लाच मागितली जाण्याची जागा हीच, हे लपवण्यात अर्थ नाही. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मुळे अशा अधिसूचित, म्हणजे यादीत जाहीर केलेल्या, कामांना मुदत आहे. कोणाच्या टेबलावर कोणता अर्ज किती दिवस पडलाय, हे दर सोमवारी पाहणारी अधिकारी असेल तर निम्मा त्रास वाचतो. न पाहणारी असेल तर ती स्वतः प्रामाणिक असूनही गोत्यात येते.

ज्याला समोरच्याला नाही म्हणताना रात्रभर झोप लागत नाही, त्याला मी ही नोकरी सुचवत नाही. आकड्यांचा कंटाळा येणाऱ्यालाही नाही. बाकी स्वभाव चालतात.

भवितव्याचं विचाराल तर या विभागाचं वजन वाढतंय. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराची वसुली वाढवण्याची अट घातली, तेव्हापासून मुख्याधिकाऱ्याच्या बैठकीत कर विभागाला आधी विचारतात. पदवी हातात आल्यावर राज्यसेवा परीक्षेतून मुख्याधिकारी होण्याचा रस्ताही तिला मोकळा आहेच.

आता एक करा. घरातलं चालू वर्षाचं घरपट्टीचं बिल तिच्या हातात द्या. घर मोजायला सांगा, करयोग्य मूल्य कसं काढलं ते शोधायला सांगा, शिक्षण कर आणि वृक्ष कर वेगळे काढायला सांगा. बिलावर सगळं नसतं, तेव्हा एकदा नगरपरिषदेत जाऊन कर विभागात विचारून यायला लावा, बाबांनाही सोबत पाठवा. मधे तुम्ही बोलू नका. ती तिथून चिडून आली तर बँक बरी. माप कुठे चुकलंय ते सांगत आली तर फॉर्म भरू द्या.